बहिष्कार टाकण्याआधी: बंदीचा हुकूम नेमका कोणाचा?

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग आणि टॉवेलच्या व्यवसायातील सुमारे ६० जणांच्या एका गटाने मला जो प्रश्न विचारला, तो थोडक्यात असा आहे. त्यांच्या नेहमीच्या वापरातील एक संकेतस्थळ अचानक उघडेनासे झाले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा ‘वरून आदेश आहे’ एवढेच उत्तर मिळाले. त्यामुळे चिडून गटाने असा ठराव केला, की सर्वांनी एकाच दिवशी त्या कंपनीची मोबाईल आणि ब्रॉडबँड सेवा सोडावी. याचा काही उपयोग होईल का, हे कायद्यात बसते का आणि करायचे झाल्यास कसे करावे, असे त्यांनी विचारले आहे.

सोलापुरात २२ वर्षे मी डोमेन (म्हणजे संकेतस्थळांची नावे), होस्टिंग (म्हणजे संकेतस्थळे सर्व्हरवर ठेवणे) आणि कार्यालयांच्या इंटरनेट जोडण्यांचे काम करतो आहे. त्याच ओघात ग्राहकांच्या तक्रारी लिहून देण्याचे कामही अंगावर आले, ते आजतागायत सुटलेले नाही. तेवढ्या अनुभवाच्या बळावर सांगतो, की ठराव वाईट नाही, मात्र तो घाईने केलेला आहे. बहिष्कार ज्याच्यावर टाकायचा, त्याला आपला निर्णय बदलण्याची मोकळीक असेल तरच तो लागू पडतो. ज्याचे हात कायद्याने बांधलेले आहेत, त्याच्याकडची ६० गिऱ्हाईके गेली काय आणि ६०० गेली काय, बंद केलेले संकेतस्थळ तो उघडू शकत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की ही बंदी घातली कोणी.

भारतात संकेतस्थळ बंद होण्याचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आले आणि त्याची कार्यपद्धती ठरवणारे नियम २००९ मध्ये झाले. देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्यांना चिथावणी, अशा कारणांसाठी केंद्र सरकार मजकूर अडवण्याचा आदेश देऊ शकते. आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थाला, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या किंवा मजकूर ठेवणाऱ्या कंपनीच्या जबाबदार माणसाला, ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. शिवाय, २००९ च्या नियमांतील नियम १६ प्रमाणे, आलेल्या विनंत्या, तक्रारी आणि त्यांवर झालेली कारवाई गोपनीय ठेवायची असते. त्यामुळे ‘वरून आदेश आहे’ एवढे सांगून गप्प बसणारा ग्राहक सेवेचा मुलगा उर्मटच असेल असे नाही. पुष्कळदा त्याला खरोखरच त्यापुढचे काही माहीत नसते, आणि ज्याला माहीत असते त्याला ते सांगता येत नाही.

मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला, तेव्हा गांधी टोपी घालणेसुद्धा गुन्हा ठरले होते. हुकूम कोणाचा आहे आणि विरोध कोणाला करायचा, हे तेव्हा गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांचे पुतळे ज्या चौकात आहेत, तेथून आपण रोज जातो. आजच्या बंदीत हुकूम देणारा दिसत नाही, हुकूम पाळणारा तेवढा समोर असतो, आणि राग साहजिकच समोरच्यावर निघतो. आपल्या ठरावात नेमके हेच झाले असण्याची शक्यता मला वाटते.

मात्र कंपन्या प्रत्येक वेळी निर्दोष असतात असेही नाही. २०१२ मध्ये चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाकडून एक सरसकट आदेश मिळवण्यात आला होता. त्याचा आधार घेऊन काही इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओसारखी (व्हिडिओंची) संपूर्ण संकेतस्थळेच बंद करून टाकली. चोरीची प्रत ज्या पानावर आहे ते विशिष्ट पान अडवणे अपेक्षित होते. जून २०१२ मध्ये न्यायालयाला तसे स्पष्ट करावे लागले. तेथे अतिरेक कंपन्यांचा होता. नेमका पत्ता शोधून तेवढाच अडवण्याचे कष्ट घेण्यापेक्षा दारालाच कुलूप लावणे त्यांना सोपे वाटले. ३१ जुलै २०१५ रोजी दूरसंचार विभागाने ८५७ अश्लील संकेतस्थळे बंद करण्यास सांगितले आणि ओरड झाल्यावर चारच दिवसांत सांगितले, की ज्यांवर बालकांचे लैंगिक चित्रण नाही ती बंद न ठेवण्यास कंपन्या मोकळ्या आहेत. आता अशी मोकळीक दिल्यावर कोणते पान तपासायचे आणि कोणाच्या जबाबदारीवर, हा प्रश्न कंपन्यांपुढे उभा राहिला. अशा वेळी ‘सगळेच बंद ठेवू’ असे जी कंपनी ठरवते, तो तिचा स्वतःचा निर्णय असतो, आणि त्याचा जाब तिला विचारता येतो.

माझ्या अनुभवातले एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका टॉवेल उत्पादकाचे संकेतस्थळ त्याच्याच कार्यालयातून उघडेना. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना ते दिसत होते, त्याच्या मोबाईलवर दिसत होते, फक्त कार्यालयाच्या तारेच्या जोडणीवर दिसत नव्हते. मी जाऊन पाहिले. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, बरोबर सापडत होता, पण त्या पत्त्यावर पोहोचताच जोडणी तुटत होती. त्याचे संकेतस्थळ स्वस्तातल्या सामाईक सर्व्हरवर होते आणि त्याच आयपी पत्त्यावर शेकडो इतर संकेतस्थळे नांदत होती. त्यांतल्या कुठल्यातरी एकासाठी पुरवठादाराने पूर्ण पत्ताच अडवला होता. ३ आठवडे तक्रारी करून काही झाले नाही. शेवटी त्याने ती जोडणी सोडली, आणि त्याच इमारतीतल्या आणखी ५ कार्यालयांनीही सोडली. प्रत्येकाने सोडताना कारण लेखी दिले, आणि सर्वांचे शब्द एकच होते: ‘अमुक आयपी पत्ता पूर्णपणे अडवल्यामुळे.’ पुढच्याच आठवड्यात कंपनीचा विभागीय माणूस इमारतीत येऊन बसला आणि अडथळा दूर झाला. ६ जोडण्या म्हणजे कंपनीच्या हिशेबात काहीच नाही. परंतु एका इमारतीतून एकाच कारणाने ६ जाणे हे त्या विभागीय माणसाच्या महिन्याच्या कागदावर ठळक दिसते. शिवाय चूक दुरुस्त करणे त्याच्या हातात होते, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची.

आता जगातल्या सर्वांत गाजलेल्या उदाहरणाकडे येतो, कारण आपल्या गटाच्या पत्रात त्याचा उल्लेख आहे आणि तो अर्धवट आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ‘सोपा’ या नावाने ओळखले जाणारे विधेयक आले. चोरीचा मजकूर असलेली परदेशी संकेतस्थळे अमेरिकेतील वापरकर्त्यांना दिसू नयेत, यासाठी डोमेनच्या नावाच्या पातळीवर अडथळे घालण्याची तरतूद त्यात होती. विधेयकाला पाठिंबा देणाऱ्या कंपन्यांच्या प्रसिद्ध झालेल्या यादीत गोडॅडी ही डोमेन विकणारी मोठी कंपनी होती. रेडिट या संकेतस्थळावर कोणीतरी सुचवले, की २९ डिसेंबर हा दिवस ठरवून सगळ्यांनी आपली डोमेन तेथून हलवावीत. सूचना आली २२ डिसेंबरला, आणि दुसऱ्याच दिवशी, ठरलेला दिवस उजाडण्याच्या कितीतरी आधी, कंपनीने पाठिंबा मागे घेतला. विकिपीडियाची डोमेनसुद्धा हलवू असे तिचे संस्थापक जिमी वेल्स यांनी जाहीर केले, तर नेमचीप या प्रतिस्पर्धी कंपनीने स्थलांतर करून येणाऱ्यांना सवलत आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या इंटरनेटवरील हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेला देणगी, असा दुहेरी फायदा साधला.

गोडॅडीकडे तेव्हा कोट्यवधी डोमेन होती आणि गेलेली डोमेन त्या मानाने मूठभर होती. तरीही कंपनी नमली, याची कारणे मला व्यवसायातला माणूस म्हणून स्वच्छ दिसतात. पाठिंबा देण्याची तिच्यावर कोणतीही सक्ती नव्हती, त्यामुळे तो काढून घेणे एका निवेदनाचे काम होते. ग्राहकाला सोडून जाणे अतिशय स्वस्त होते: डोमेनचे कुलूप उघडायचे, सांकेतिक क्रमांक घ्यायचा, नव्या कंपनीकडे तो द्यायचा आणि एका वर्षाचे नूतनीकरण भरायचे, जे पुढेमागे भरावे लागणारच होते. आणि जाणारे लोक साधे ग्राहक नव्हते. माझ्यासारखे, दुसऱ्या २०-२५ जणांची डोमेन सांभाळणारे लोक त्यांत होते. असा एक माणूस गेला की त्याच्या मागे त्याची सगळी गिऱ्हाईके जातात, हे डोमेनच्या धंद्यातील प्रत्येकाला पाठ असते.

तथापि, ‘सोपा’ विधेयक या बहिष्कारामुळे पडले असे म्हणणे चुकीचे ठरेल. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया २४ तास काळा पडला, इतर हजारो संकेतस्थळांनी तेच केले, गूगलच्या निवेदनावर लाखो सह्या झाल्या, लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांतले फोन दिवसभर वाजत राहिले, आणि २० जानेवारीला विधेयक लांबणीवर पडले. बहिष्काराने एक पाठीराखा कमी केला आणि इतर कंपन्यांना धडकी भरवली. कायदा अडवण्याचे काम मतदारांच्या फोनने केले.

आपल्याकडचे उदाहरण २०१५ चे आहे. काटेकोरपणे पाहिले तर तो प्रश्न बंदीचा नव्हता, इंटरनेटच्या समानतेचा होता, तरी शेजारचाच. एप्रिल २०१५ च्या पहिल्या आठवड्यात एअरटेलने ‘एअरटेल झिरो’ ही योजना जाहीर केली. ज्या ॲपची कंपनी पैसे भरेल ते ॲप ग्राहकाला डेटा खर्च न होता वापरता येणार, असे तिचे स्वरूप होते. पैसे न भरणाऱ्या लहान उद्योगाचे ॲप कोणी बंद करणार नव्हते, पण फुकटच्या शेजारी विकतचे कोण उघडणार? फ्लिपकार्ट या योजनेत जाण्याच्या विचारात आहे असे कळताच लोकांनी तिच्या ॲपला १ तारा द्यायला आणि ॲप काढून टाकायला सुरुवात केली. १४ एप्रिलला फ्लिपकार्ट बाहेर पडली. येथेही तीच कारणे दिसतात: निर्णय ऐच्छिक होता, ग्राहकाला बोटाच्या एका टिचकीत निघता येत होते, आणि मागणी एका वाक्याची होती. आणि येथेही निकाल लागला तो दुसऱ्या दारी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, त्याच सुमारास हरकती मागवल्या होत्या. तिकडे १० लाखांहून अधिक ईमेल गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमाने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई झाली.

याउलट, जेथे कंपनीचा काही संबंधच नव्हता असे प्रकरण महाराष्ट्रातलेच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. तेव्हा फेसबुक सोडून काय साधले असते? तो लढा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ च्या (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणाऱ्या कलमाच्या) विरोधात न्यायालयात लढला गेला आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. त्याच निकालात ६९अ मात्र कायम राहिले, आणि ते का राहिले हे वाचण्यासारखे आहे: आदेशाची कारणे लेखी नोंदवली जातात, त्यामुळे त्याला रिट याचिकेद्वारे आव्हान देता येते, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा बंदी ६९अ खालची असल्यास आपला मार्ग उच्च न्यायालयाचा आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सोलापूर जिल्ह्यासाठीही सुरू झाल्यामुळे त्यासाठी आता मुंबईची वारी करावी लागत नाही. माहिती अधिकारात अर्ज जरूर करावा, पण बहुतेकदा गोपनीयतेचे उत्तर येते, हे धरून चालावे. दंगलीच्या किंवा परीक्षेच्या वेळी सगळे इंटरनेटच बंद होते, तो प्रकार आणखी वेगळा. तो आदेश गृह सचिवांच्या पातळीवरून येतो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालाप्रमाणे तो प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. त्यासाठी कंपनी बदलण्यात तिळमात्र अर्थ नाही, कारण आदेश सर्वच कंपन्यांना सारखा असतो.

म्हणून ठराव अमलात आणण्याआधी आपल्या गटाने एक दिवस केवळ तपासणीला द्यावा, अशी माझी विनंती आहे. तेच संकेतस्थळ तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडणीवर उघडून पाहावे आणि प्रत्येक वेळी पडद्यावर काय येते त्याचे तारीख-वेळेसह छायाचित्र ठेवावे. सगळीकडे बंद असेल आणि कुठेतरी दूरसंचार विभागाच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाचा उल्लेख दिसत असेल, तर बहिष्काराचा विचार सोडून वकिलांकडे जावे. एकाच कंपनीवर बंद आणि इतरत्र चालू असेल, तर दोन शक्यता उरतात: आदेशाची अंमलबजावणी इतरांनी अजून केलेली नाही, किंवा या कंपनीने आदेशापेक्षा जास्त अडवले आहे. हे ठरवण्यासाठी कंपनीच्या तक्रार केंद्रात लेखी तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा आणि उत्तर समाधानकारक नसल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. ट्रायने घालून दिलेली ही दोन पायऱ्यांची पद्धत अनेकांना कंटाळवाणी वाटते, परंतु पुढे ‘आम्हाला कोणी सांगितलेच नाही’ असे म्हणण्याची सोय ती कंपनीला ठेवत नाही.

तपासणीनंतरही बहिष्कार योग्य ठरला, तर मोबाईलचे काम सोपे आहे. ‘पोर्ट’ असा संदेश आपल्या क्रमांकासह १९०० वर पाठवला की ८ अक्षरांचा सांकेतिक क्रमांक येतो. महाराष्ट्रात तो ४ दिवस चालतो, त्यामुळे ठरलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधी उत्साहाने मागवू नये. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत, पोस्टपेडची थकबाकी नसावी, आणि त्याच परिमंडळात (सर्कलमध्ये) बदल असेल तर ३ कामकाजाचे दिवस लागतात. प्रीपेडमधील शिल्लक बुडते. प्रत्यक्ष बदलाच्या वेळी काही तास क्रमांक बंद राहतो. त्या काळात बँकेचा ओटीपी येत नाही, म्हणून ज्या दिवशी सुताचे पैसे भरायचे आहेत तो दिवस टाळावा. एका घरातले दोन क्रमांक एकाच दिवशी हलवू नयेत, असेही मी सांगतो. आंदोलन एकीकडे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन लागायला हवा ही गरज दुसरीकडे.

ब्रॉडबँडची गोष्ट मात्र अवघड आहे आणि तेथे गटाची फसगत होण्याचा संभव अधिक. तारेच्या जोडणीला पोर्टिंग नाही. जुनी सोडायची, मोडेम परत करायचे, अनामत मागायची आणि नवी घ्यायची. शिवाय आपल्याकडे गल्लीतला केबलवाला जी जोडणी देतो, तिच्या पावतीवर नाव एका कंपनीचे असते आणि त्या कंपनीने बँडविड्थ घेतलेली असते दुसऱ्याच मोठ्या कंपनीकडून. संकेतस्थळ त्या वरच्या कंपनीच्या पातळीवर अडवले जात असेल, तर पावतीवरचे नाव बदलूनही बंद ते बंदच राहते. अशोक चौकाच्या परिसरात मी असे लोक पाहिले आहेत, ज्यांनी रागारागाने दोनदा कंपनी बदलली आणि तिसऱ्यांदा माझ्याकडे आले. नवी जोडणी घेण्याआधी शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या जोडणीवर ते संकेतस्थळ उघडून पाहणे, एवढे सोपे काम कोणी करत नाही.

कायद्याबद्दल विचारले आहे, त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. सेवा सोडणे, का सोडली ते खरेखरे सांगणे आणि इतरांनीही सोडावी असे आवाहन करणे, यात बेकायदा काही नाही. पुराव्याशिवाय लाचखोरीचे किंवा कटाचे आरोप केले, तर बदनामीचा दावा ओढवू शकतो. दुसऱ्याला अडवणे, कंपनीच्या गाळ्यासमोर गिऱ्हाइकांची वाट रोखणे किंवा मनोऱ्यावर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला दमदाटी करणे हे सरळ गुन्हे आहेत. आणि आपल्या ठरावातले एक वाक्य मी आग्रहाने खोडायला सांगतो: ‘जो सभासद कंपनी सोडणार नाही, त्याच्याशी गटाने व्यवहार ठेवू नये.’ बहिष्कार या शब्दाला आपल्या समाजात जातपंचायतींनी दिलेला फार वाईट वास आहे. महाराष्ट्राने त्याविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आपले वाक्य त्या कायद्यात नेमके बसते की नाही हा वाद वकील घालतील. मला विचाराल तर, बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी निघालेल्या गटाने आपल्याच सभासदाचे तोंड दाबणे शोभत नाही.

सोडताना कंपनीचा थांबवून ठेवणारा फोन हमखास येतो. दर कमी करतो, महिनाभर फुकट देतो, असे सांगितले जाते. समोरच्या माणसापुढे कारणांची ठरलेली यादी असते: नेटवर्क, दर, बिल आणि इतर. आपण ‘सेन्सॉरशिपचा निषेध’ असे म्हणालात, की तो ‘इतर’वर खूण करतो आणि ६० जणांचा निषेध त्या रकान्यात विरघळून जातो. म्हणून फोनवर वाद न घालता, सर्वांनी एकच मजकूर असलेले पत्र ईमेलने तक्रार केंद्राकडे आणि अपील प्राधिकाऱ्याकडे पाठवावे. त्यात तक्रार क्रमांक, अडवलेल्या पानाचा पत्ता, इतर जोडण्यांवर ते उघडते याची नोंद आणि एकच मागणी असावी: हे पान कोणत्या आदेशाखाली अडवले ते सांगा, आदेश नसेल तर मोकळे करा. मागणी पूर्ण झाल्यास परत येऊ, हेही लिहावे. परतीची वाट मोकळी ठेवली नाही, तर नमण्यात कंपनीला काही लाभच उरत नाही.

राहिला दिवसाचा प्रश्न. आपण १२ जानेवारी, हुतात्मा दिन, सुचवला आहे. भावना समजते, पण तेव्हा सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली असते आणि शहरात बाहेरून एवढी माणसे येतात, की एरवी चांगले चालणारे नेटवर्कही अडखळते. त्या गर्दीत क्रमांक बदलून फोन लागला नाही, तर तो नव्या कंपनीचा दोष की यात्रेचा, हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि निम्मे सभासद दुसऱ्याच दिवशी मागे फिरतील. यात्रेची गर्दी ओसरल्यानंतरचा एखादा मंगळवार घ्यावा. सोमवारी सांकेतिक क्रमांक मागवले, तर शनिवार-रविवार मध्ये न येता शुक्रवारपर्यंत बहुतेकांचे काम उरकेल. तोवर कोणाचे ९० दिवस भरले आहेत आणि कोणाचे नाहीत, याची यादी करून ठेवावी.